भागीचं घोडं, रंग लाल

मुंबईत लाल बस दिसली की आपण म्हणतो, बेस्ट आली. ती बेस्टची असतेच असं नाही. रंग बेस्टचा, नंबर बेस्टचा, तिकीट बेस्टचं, थांबाही बेस्टचा. गाडी मात्र ठेकेदाराची. ड्रायव्हर त्याचा, देखभाल त्याची, गॅस नाहीतर चार्जिंगचा खर्चही त्याचाच. कंडक्टर कधी बेस्टचा असतो, कधी तोही ठेक्यावरचा. बेस्ट ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे मोजते. याला ‘वेट लीज’ म्हणतात आणि ताफ्यातल्या बहुतेक गाड्या आता याच पद्धतीनं चालतात. उरलेल्या स्वतःच्या गाड्या एकेक करून भंगारात चालल्या आहेत.

गंमत अशी, की 7 ऑगस्ट 1947 रोजी मुंबई महापालिकेनं हीच बेस्ट एका खासगी कंपनीकडून विकत घेतली होती. शहराची बस आणि वीज शहराच्या हाती असावी, गाऱ्हाणं घालायला दार एकच असावं, हा तेव्हाचा विचार. आठवडाभरानं देश स्वतंत्र झाला. आता बेस्ट हळूहळू स्वतंत्र होते आहे, स्वतःच्या बसगाड्यांपासून.

ठेका वाईट असतो, असं मी म्हणत नाही. कुणाची बस आहे, यानं प्रवाशाला काडीचा फरक पडत नाही. बस वेळेवर यावी, थांब्यावर थांबावी आणि धडपणे घरी पोचवावी, एवढंच त्याचं मागणं. फरक पडतो तो यातलं काहीतरी बिनसतं तेव्हा. तेव्हा कळतं, की आपण ज्या गाडीत बसलो होतो ती कुणाचीच नव्हती.

एक हिशेब बघा. नवी इलेक्ट्रिक गाडी आली की हिरवा झेंडा दाखवायला बेस्ट. 2019 साली किमान भाडं पाच रुपये केलं, त्याचा जयघोष बेस्टचा. मे 2025 मध्ये त्या पाचाचे दहा झाले, तेही बेस्टनंच केले, कारण तिकिटाचा गल्ला बेस्टकडे जातो. 2023 च्या सुरुवातीला महिनाभरात तीन गाड्या पेटल्या, तेव्हा मात्र लगेच कळलं की त्या ठेकेदाराच्या होत्या. त्या जातीच्या चारशे गाड्या रस्त्यावरून काढून घेतल्या. कारवाई चोख झाली. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांचं काय, हा मुद्दा करारात बहुधा नसावा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठेक्याच्या ड्रायव्हरांनी संप केला. समान कामाला समान पगार द्या, ही मुख्य मागणी होती. मागायची कुणाकडे? बेस्ट म्हणाली, हे आमचे कर्मचारीच नाहीत. ठेकेदाराचं रडगाणं दराचं: बेस्ट किलोमीटरला देते तेवढ्यात आणखी पगार बसत नाही. आठवडाभर मुंबईकर रिक्षावाल्यांच्या पाया पडत हिंडले. शेवटी मुख्यमंत्र्यांना बैठक घ्यावी लागली. करारात ज्यांचं नावही नाही त्या मुख्यमंत्र्यांनी तो वाद मिटवला, यावरून करार किती पक्का होता ते ओळखा. काही ठेकेदार तर परवडत नाही म्हणून मधेच गाशा गुंडाळून गेले. त्यांच्याबरोबर त्यांच्या गाड्याही गेल्या. थांबे तेवढे राहिले.

9 डिसेंबर 2024 ची रात्र. कुर्ला पश्चिमेच्या एस. जी. बर्वे मार्गावर 332 नंबरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. फेरीवाले, पादचारी, रिक्षा, गाड्या, जे समोर आलं ते चिरडत गेली. नऊ जणांचा जीव गेला, चाळीसहून अधिक जखमी झाले. पालिकेचं एल विभाग कार्यालय त्याच रस्त्यावर आहे. बस बेस्टच्या रंगाची, मालकी ठेकेदार कंपनीची, ड्रायव्हरही ठेक्यावरचा. बारा मीटरची, गिअर नसलेली मोठी गाडी हाती देण्याआधी त्याला किती दिवस शिकवलं, हा पहिला प्रश्न होता. शिकवायचं कुणी, तपासायचं कुणी आणि ‘हा तयार नाही’ म्हणून चावी काढून घ्यायचा अधिकार कुणाला, हे त्यापुढचे. ड्रायव्हर त्याच रात्री पकडला गेला. ते योग्यच. पण साखळीतल्या शेवटच्या, सगळ्यात कमी पगाराच्या माणसापाशी पोचायला आपल्या यंत्रणेला एक रात्र पुरते आणि त्याच्या वरच्या कडीपाशी पोचायला वर्षं लागतात. मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली: पाच लाख मुख्यमंत्र्यांकडून, दोन लाख बेस्टकडून. किलोमीटरमागे पैसे घेणाऱ्याचं नाव त्या जाहीर यादीत शोधूनही सापडलं नाही.

तेव्हा जाब विचारणारं कुणी होतं का? पालिकेची बेस्ट समिती नावाची गोष्ट असते. नगरसेवक तिथे बसतात, ठेक्याच्या प्रस्तावावर भांडतात, क्वचित फायलीही वाचतात. मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपली, निवडणूक वेळेवर झाली नाही, प्रशासक बसला. म्हणजे तेव्हा बस ठेकेदाराची, कारभार प्रशासकाचा आणि नगरसेवक माजी. लोकांकडे राहिला एक हेल्पलाइन नंबर.

आपल्याकडे जुनी म्हण आहे, भागीचं घोडं किवणानं मेलं. रपेट सगळ्या भागीदारांनी केली. जखमेवर औषध कुणी लावायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून ती चिघळली. म्हण रचणाऱ्याला त्रिपक्षीय करार, प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार आणि विशेष हेतू कंपनी यांतलं काहीही ठाऊक नव्हतं. तरी त्यानं अहवाल चार शब्दांत संपवला. आज समिती नेमली तर मुदतवाढीसह दोन वर्षं घेईल आणि घोड्याचा आहार बदलावा अशी शिफारस करील.

भागीदारीच्या या खेळाचा उच्चांक घाटकोपरला झाला. 13 मे 2024 ला वादळी वारा सुटला आणि छेडानगरजवळचं 120 फूट बाय 120 फूट होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं. 17 माणसं गेली. पालिकेच्या नियमात 40 फूट बाय 40 फुटांच्या वर परवानगी नाही. हे त्याच्या नऊपट क्षेत्रफळाचं. लपवलेलंही नव्हतं. एवढं मोठं, की लिम्का बुकात त्याची नोंद झाली होती. विक्रम टिपणाऱ्यांना ते दिसलं. ज्यांचं ते बघण्याचं काम होतं, त्यांच्या आणि होर्डिंगच्या मधे बहुतेक एखादं छोटं होर्डिंग येत असावं.

त्या रात्रीपासून खो-खो सुरू झाला. जागा सरकारची, ताबा लोहमार्ग पोलिसांकडे, होर्डिंग एका जाहिरात कंपनीचं. पालिका म्हणाली, आमची परवानगीच घेतली नव्हती. रेल्वे म्हणाली, जागा आमची नाही. लोहमार्ग पोलीस म्हणाले, परवानगी आधीच्या आयुक्तांच्या काळातली. कंपनीचा मालक काहीच म्हणाला नाही, तो तीन दिवसांनी उदयपूरला सापडला. पुढे एक आयपीएस अधिकारी निलंबित झाला, माजी मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांची समिती बसली. प्रत्येकाचं म्हणणं वेगवेगळं वाचलं तर पटतं. सगळी म्हणणी एकत्र ठेवली की असं निघतं, की ते अडीचशे टनांचं धूड छेडानगरला आपोआप उगवलं होतं.

पुलांची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्हाला पाठ आहे. 14 मार्च 2019 च्या संध्याकाळी सीएसएमटीचा हिमालय पूल पडला, सात जण गेले. जखमी रुग्णालयात पोचत होते आणि इकडे पूल पालिकेचा की रेल्वेचा यावर चर्चा रंगली होती. पालिकेचा निघाला. संरचना तपासणीत तो काही महिन्यांपूर्वीच किरकोळ दुरुस्ती सांगून पास झाला होता. तपासणारा अर्थातच बाहेरचा सल्लागार. म्हणजे पूल पालिकेचा, ‘ठीक आहे’ हे मत सल्लागाराचं आणि विश्वास लोकांचा.

अंधेरीचा गोखले पूल मात्र थोडा सावकाश बघण्यासारखा आहे, कारण इथे दोन संस्थांच्या सहकार्याचं मोजमाप चक्क फुटांत घेता येतं. 3 जुलै 2018 ला त्याचा काही भाग रुळांवर पडला, दोघे दगावले. नोव्हेंबर 2022 मध्ये पूल बंद झाला. रुळांवरचा भाग रेल्वेच्या अखत्यारीत, दोन्ही बाजूंचे रस्ते पालिकेचे. नवा पूल बांधला. 26 फेब्रुवारी 2024 ला एक बाजू खुली झाली, फीत कापली, पेढे वाटले. मग लोकांच्या लक्षात आलं, की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल, जो या पुलाला येऊन मिळायचा, तो आता खालीच राहिला आहे. दोहोंच्या उंचीत पाच-सहा फुटांचं अंतर. इकडचा पूल तिकडच्याकडे वरून बघतो आहे. पालिका म्हणाली, रेल्वेच्या नव्या नियमानं उंची वाढवावी लागली. रेल्वे म्हणाली, तो नियम नवा नाही. आराखडे दोन्ही कार्यालयांत होते, दोन्हींवर सह्या होत्या, दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते. शेवटी जॅक लावून बर्फीवाला उचलला आणि जुलै 2024 मध्ये दोन पूल एकमेकांना भेटले. जॅक लावायचे पैसे कुठल्या संस्थेच्या चुकीतून वळते झाले, असं विचारू नका. ते आपल्याच खिशातून गेले.

आता मोठ्या बातम्या राहू द्या. परवा एका गल्लीत गेलो होतो. गाव कुठलं ते सोडा, तुमचंच समजा. रस्ता काँक्रीटचा करण्यासाठी खणलेला. तोंडाशी निळा फलक. त्यावर कामाचं नाव, काम देणारं खातं, ठेकेदार, सल्लागार, गुणवत्ता तपासणारी संस्था आणि त्या संस्थेनं नीट तपासलं का हे तपासणारी आणखी एक संस्था. तक्रारीसाठी मोबाइल नंबर होता, पण शेवटच्या तीन आकड्यांवर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर आलेला. खड्ड्यावर टाकलेल्या फळीवरून एक आजी दूध घेऊन चालल्या होत्या. पाण्याची लाइन आदल्या दिवशी फुटलेली. साइटवरचा पोरगा इंजिनीअर भला होता. म्हणाला, “काका, आम्ही फक्त काँक्रीटवाले. पाण्याचं पाणी खात्याला विचारा.” पाणी खात्यानं सांगितलं, लाइन रस्तेवाल्यांच्या मशिननं तोडली, त्यांचाच ठेकेदार जोडून देईल. ठेकेदाराच्या मुकादमानं हात वर केले: लाइन आधीच केबलवाल्यांनी हलवली होती, नकाशात दाखवली तिथे ती नव्हतीच. केबलवाले काम संपवून कधीच गेले होते. पाच संस्था एका फलकावर गुण्यागोविंदानं नांदत होत्या आणि गल्लीत टँकर येत होता. टँकर मात्र कुणाचा याबद्दल वाद नव्हता. ज्याला पाणी हवं त्यानं पैसे द्यायचे होते. फार सरळ व्यवहार.

हे असं होतं याचं कारण माणसं नालायक आहेत, हे नव्हे. कागद तसा केलेला असतो. करारनाम्यात लिहून देणारा एक आणि लिहून घेणारा एक. बसमधला प्रवासी, पुलावरचा पादचारी, फळीवरची आजी यांपैकी कुणीच त्यात नाही. ठेकेदारानं फेऱ्या बुडवल्या तर दंड आहे, पण तो बिलातून कापून बेस्टकडेच राहतो. थांब्यावर तासभर उभ्या असलेल्या माणसाच्या नशिबी त्यातला रुपयाही नाही. म्हणजे त्रास तुम्ही सोसायचा आणि भरपाई तिनं घ्यायची, जिच्याकडे तुम्ही तक्रार घेऊन गेला होता.

आणि हे करार झाला असेल तर. भारताच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी मुंबई पालिकेच्या 2019 ते 2022 या काळातल्या सुमारे 12 हजार कोटींच्या खर्चाची खास तपासणी केली. तो अहवाल मार्च 2023 मध्ये विधानसभेत वाचून दाखवण्यात आला. त्यात निघालं, की 4,755 कोटी रुपयांच्या 64 कामांत ठेकेदाराशी करारच झालेला नव्हता. आम्ही आयुष्यभर भाड्याच्या खोलीसाठी अकरा महिन्यांचे करार करत आलो, पोलीस ठाण्यात कळवत आलो, दोन साक्षीदार गोळा करत आलो. उगीच.

कुणी म्हणेल, मग सगळं सरकारनंच करायचं का? नको. सगळं सरकारी होतं तेव्हाचे दिवसही आम्ही पाहिले आहेत. तेव्हा चौकशीच्या खिडकीवरचा माणूस चहाला गेलेला असायचा. पण खिडकी होती आणि चहा संपला की तो परत येत असे. आता खिडकीत संगणक आहे, टोकन आहे, हसतमुख मुलगी आहे. तिचा पगार मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीकडून होतो. ती मनापासून सांगते, “सर, हे आमच्या स्कोपमध्ये येत नाही.” खोटं बोलत नाही बिचारी. काम दुसऱ्याला द्यावं, खुशाल द्यावं. उत्तर देण्याचं काम मात्र ठेक्यानं देता येत नाही. माझं भांडण एवढ्यापुरतंच आहे.

कोल्हापूरकरांना हे आपल्याआधी कळलं. तिथे शहरातल्या सुमारे 49 किलोमीटर रस्त्यांचा 220 कोटींचा प्रकल्प आला: महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि खासगी कंपनी असा तिघांचा करार. कंपनीनं रस्ते बांधायचे आणि शहराच्या वेशीवर तीस वर्षं टोल घ्यायचा. पालिकेला विचारलं की ती महामंडळाकडे बोट दाखवी, महामंडळाला विचारलं की ते करारातलं कलम दाखवी. कोल्हापूरकरांनी बोटाकडे न बघता कलमाकडे बघितलं. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढे होती. त्यांनी करार वाचला, रस्ते तपासले, कुठलं काम अर्धवट आहे ते दाखवलं आणि ‘टोल देणार नाही’ म्हणून सारा गाव रस्त्यावर उतरला. आंदोलन वर्षानुवर्षं चाललं. 2015 संपता संपता सरकारला टोल रद्द करावा लागला. कंपनीचे पैसे अर्थात सरकारी तिजोरीतून भागवले, तेव्हा कोल्हापूरकर पूर्ण जिंकले असं म्हणायला जीभ वळत नाही. पण तिघांच्या करारात चौथा पक्ष असतो, हे त्यांनी तिघांनाही लक्षात आणून दिलं. आम्हा मुंबईकरांना हे जमत नाही. आमची 8.42 ची लोकल चुकते.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मात्र एक काम केलं आहे. मुंबई महानगर प्रदेशात रस्त्यांचे मालक किती? महापालिका, एमएमआरडीए, सार्वजनिक बांधकाम, रस्ते विकास महामंडळ, म्हाडा, बंदर प्राधिकरण, राष्ट्रीय महामार्गवाले. खड्डा एकच असतो, पण तो कुणाच्या हद्दीत आहे हे त्यात पडल्याशिवाय कळत नाही आणि पडल्यावरही कळत नाही. न्यायालयानं सांगितलं, खड्ड्यानं किंवा उघड्या मॅनहोलनं माणूस गेला तर वारसांना 6 लाख रुपये, जखमी झाला तर दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख. ज्याचा रस्ता त्यानं आधी हे पैसे द्यायचे आणि मग ज्या अधिकाऱ्यामुळे, ज्या ठेकेदारामुळे खड्डा पडला त्याच्याकडून वसूल करून घ्यायचे.

यातली खरी मेख ‘आधी’ आणि ‘मग’ यांत आहे. रक्कम दुय्यम. आजवर क्रम उलटा होता. आधी भागीदारांची भांडणं, मग चौकशी, मग अहवाल, मग वेळ उरला तर मेलेल्याची बायको. आता पैसे आधी, भांडण नंतर आणि तेही आपसांत, दार लावून. खड्ड्याला लावलेला हा न्याय बसला, पुलाला, होर्डिंगला, हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागाला आणि शाळेतल्या खिचडीलाही लावा. ज्याचं नाव गाडीवर रंगवलेलं आहे, ज्याचं चिन्ह पावतीवर छापलेलं आहे, त्यानं पहिल्या दिवशी उत्तर द्यायचं. ठेकेदाराशी त्यानं वर्षभर भांडावं, लवादात जावं, सुप्रीम कोर्टात जावं. आमची हरकत नाही.

तोवर तुमच्या हाती एक गोष्ट आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम 2(च) काढून बघा. दुसऱ्या कुठल्या कायद्याखाली सरकारी कार्यालयाला खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते, तीही ‘माहिती’च आहे, असं त्यात लिहिलं आहे. करार तर कार्यालयाच्या स्वतःच्याच कपाटात असतो. ‘व्यापारी गुपित आहे’ असं उत्तर येईल. घाबरू नका. तुमच्या गल्लीतला रस्ता किती इंच जाडीचा हवा, हे कुणाचंही व्यापारी गुपित असू शकत नाही.

महाराष्ट्रात या अर्जाला दीडशे शब्दांची मर्यादा आहे आणि विषय एकच हवा, असा नियम आहे. भागीदार संस्थांची नावं लिहीत बसलात तर शब्द तिथेच संपतील, म्हणून ती लिहू नका. ‘अमुक कामाच्या करारनाम्याची आणि ठेकेदाराला केलेल्या दंडाच्या आदेशाची प्रत द्यावी’ एवढंच लिहा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, पोच घ्या. उत्तराची मुदत तीस दिवस आहे. दिलं नाही, तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे करायचं असतं. तिथला अधिकारी अजून तरी ठेक्यावर नाही.